भर दुपारी आडवं होणं

परवा आठव्या क्रॉस रस्त्याच्या कोपऱ्यावर अवरेकाईचे पहिले ढीग दिसले. बेंगळुरूचा हिवाळा असाच येतो. थंडीच्या आधी शेंगा येतात. म्हटलं तर आपल्याकडचे पावटेच ते. पण इथली माणसं शेंग आधी नाकाशी धरतात आणि मग पिशवीत टाकतात. तिच्या सालीला एक हिरवा, तेलकट, जरासा उग्र वास असतो. त्याला इथं 'सोगडु' म्हणतात. तो बोटांना चिकटला नाही तर ती शेंग बायका परत ढिगावर फेकतात.

मला त्या वासाबरोबर दरवर्षी अपराधी वाटायला लागतं. दुसरं कुणी काम करतंय आणि मी पडून आहे, असं. प्रत्यक्षात मी बाजारात उभी असते, दोन्ही हातांत ओझं असतं, तरीही.

नव्वदीच्या दशकातला एक हिवाळा. मल्लेश्वरममध्ये एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्यानं राहत होतो. माझा नवरा श्रीकांत सरकारी कारखान्यात इंजिनिअर. सकाळी कारखान्याची बस कोपऱ्यावर यायची आणि संध्याकाळी त्याला तिथंच सोडायची. मी जवळच्या शाळेत गणित शिकवायचे. दिवाळीची सुट्टी संपली आणि पाचवा महिना चालू असताना माझं मूल गेलं. यापेक्षा जास्त शब्द त्या गोष्टीला मी कधी दिले नाहीत. आताही देत नाही.

डॉक्टरीणबाई भल्या होत्या. म्हणाल्या, "तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. असं होतं कधीकधी. आता फक्त विश्रांती घ्या." मी मान हलवली आणि घरी येऊन शोधायला लागले, काय चुकलं ते. त्याच आठवड्यात पडद्यांचं कापड आणायला चिकपेटला गेले होते. तिथल्या बोळातून चालताना एका हातगाडीला चुकवायला मी घाईनं बाजूला सरले होते. तेव्हा झालं असेल का? की पाण्याची बादली उचलली तेव्हा? स्टुलावर चढून पडद्याच्या कड्या मोजल्या तेव्हा? घरातल्या प्रत्येक वस्तूकडे मी संशयानं बघायची आणि शेवटी संशय माझ्याकडेच यायचा. पडदे तसेच घडी घालून कपाटात होते.

विश्रांती घ्या म्हणणं सोपं असतं. मी आडवी व्हायची, पण अंग फळीसारखं ताठ. जबडा आवळलेला, मुठी मिटलेल्या. माझ्या वर्गावर कुणीतरी दुसरी शिक्षिका उभी असेल, तिची स्वतःची वह्यांची चळत तशीच राहिली असेल, हे डोळे मिटले की दिसायचं. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी मनगट हातात घेऊन बराच वेळ धरून ठेवलं आणि जवळच राहणाऱ्या एका योगशिक्षिकेचं घर सांगितलं.

सगळे त्यांना अक्का म्हणायचे. साठीच्या, उंच, केसांत कायम एखादं शेवंतीचं फूल. घराच्या पुढच्या खोलीत लाल गुळगुळीत फरशी आणि भिंतीला लागून सामानाची रास: लोड, घड्या घातलेली ब्लँकेटं, लाकडी ठोकळे, कापडी पट्टे, वाळू भरलेल्या छोट्या पिशव्या. मी योगासनं म्हणून कायकाय करावं लागेल याची धास्ती घेऊन गेले होते. अक्कांनी मला एका लोडावर उताणं झोपवलं. पाठीखाली लोड, डोक्याखाली ब्लँकेट, दोन्ही पायांचे तळवे एकमेकांना चिकटवून गुडघे बाजूला सोडलेले आणि त्या प्रत्येक गुडघ्याखाली आणखी एकेक लोड. डोळ्यांवर मऊ पट्टी. झालं. आणखी काही करायचंच नव्हतं.

"भुजा बिडि," अक्का म्हणाल्या. मी दचकले. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. 'बिडि' म्हणजे सोडा. खांदे सोडा. "स्वल्प बिडि," त्या पुन्हा म्हणाल्या. थोडेसे तरी सोडा. मला हसू आलं आणि हसताहसता लक्षात आलं की बऱ्याच दिवसांनी हसतेय. लगेच ते हसूही आवरतं घेतलं. मला हसायचा काय अधिकार, असं वाटलं.

त्याच सुमारास सोलापूरहून सासूबाई आल्या. बरोबर शेंगांची चटणी, कडक भाकऱ्यांचा डबा आणि दोन नव्या कोऱ्या चादरी. श्रीकांत त्यांना आणायला स्टेशनवर गेला होता. घरात पाऊल टाकताच त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला, पदर खोचला आणि स्वयंपाकघरात गेल्या. पुढचे कितीतरी दिवस त्या तिथंच होत्या.

आईंना, म्हणजे सासूबाईंना, मी कधी रिकाम्या हातानं पाहिलं नव्हतं. त्यात बेंगळुरूत अवरेकाईचा हंगाम. खालच्या घरमालकीणबाईंनी त्यांना पहिल्याच दिवशी शेंगा दाखवल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण शेंग सोलायला भाषा लागत नाही. दुसऱ्या दिवसापासून आमच्या बैठकीत वर्तमानपत्र पसरलेलं, मधोमध हिरवा ढीग आणि एक पाय लांब करून बसलेल्या आई. शेंगा सोलायच्या, दाणे भिजत घालायचे, मग एकेक दाणा चिमटीत दाबून त्याचं साल काढायचं. दाणा सटकन उडून परातीत पडायचा. संपत नाही असं ते काम.

आणि त्याच वेळी मी पायात चपला सरकवायची.

"येते हं, आई."

"ये."

त्या एका शब्दात मला काय काय ऐकू यायचं! वास्तविक त्या मान वर करून, नीट माझ्याकडे बघून 'ये' म्हणायच्या. पण मी ते डोळे बघायचीच नाही. जिन्यावरून उतरताना परातीत पडणाऱ्या दाण्यांचा आवाज माझ्या मागे यायचा. माझ्या आईच्या वयाची बाई माझ्या घरात माझं काम करतेय आणि मी चाललेय लोडावर झोपायला! त्यांनी एकदा विचारलं होतं, "तिथं करतात तरी काय?" मी म्हटलं, "व्यायाम." खरं सांगायची लाज वाटली.

अक्कांच्या खोलीत आजूबाजूच्या घरांतल्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. कुणाच्या तरी अंगणात फडका आपटल्याचा आवाज यायचा. प्रत्येक आवाज मला उठवून बसवायला आल्यासारखा वाटायचा. एकदा अक्का शेजारी येऊन बसल्या. त्यांचं हिंदी त्यांच्या वळणाचं होतं. "अम्मा, तुम इधर सोया है, लेकिन हाथ में झाडू वैसाच पकडा है," असं म्हणत त्यांनी माझी मूठ उघडली आणि तळव्यावर वाळूची एक पिशवी ठेवली. वजनानं हात फरशीला टेकला. बोटं आपोआप सुटली. खूप आतून काहीतरी ढिलं झालं आणि पट्टीखाली डोळे भरून आले. त्या दिवशी घरी जाताना मात्र मी रोजच्यापेक्षा जास्त अपराधी होते. कारण बरं वाटलं होतं.

मग तो ढगाळ दिवस. अशा दिवशी बेंगळुरूत दुपारीच गारठा सुटतो. मी शाल न घेता गेले होते. लोडावर पडले होते, डोळ्यांवर पट्टी होती, खोलीत कुणाचाही आवाज नव्हता. आणि दारात बांगड्या वाजल्या. सोलापूरच्या त्या जाड काचेच्या बांगड्या मी कुठेही ओळखल्या असत्या. आई माझी शाल घेऊन आल्या होत्या.

त्यांना काय दिसलं असेल ते मला पट्टीआडून स्वच्छ दिसत होतं. भर दुपारी, ओळीनं, धडधाकट बायका उशा-लोडांवर डोळे बांधून झोपलेल्या. आणि त्यात त्यांची सून. मला उठता येईना. उठले असते तर पट्टी काढून त्यांच्याकडे बघावं लागलं असतं. बांगड्या पुन्हा वाजल्या नाहीत. त्या तिथंच उभ्या राहिल्या असणार, वर्ग संपेपर्यंत.

घरी जाताना संपिगे रोडवर त्या माझ्याबरोबर चालत होत्या. फुलवाल्यांच्या टोपल्यांशी थांबल्या नाहीत, नेहमी थांबायच्या. मी मनातल्या मनात उत्तरं जुळवत होते. डॉक्टरांनीच सांगितलंय. बंद करते उद्यापासून.

"ह्याला व्यायाम म्हणतात व्हय?" त्या म्हणाल्या.

मी शाल घट्ट लपेटली.

"गुडघ्याखाली ती लोडं कशाला ठेवतात गं?"

त्या रागावल्या नव्हत्या. खरोखर विचारत होत्या. मी सांगितलं, "कमरेला ताण येत नाही, आई. अंगाला सगळीकडून आधार दिला, की ते स्वतःला धरून ठेवायचं सोडतं. असं अक्का म्हणतात."

"हं," आई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्यांनी सोलापूरहून आणलेल्या चादरी काढल्या. घट्ट गुंडाळल्या, नाडीनं दोन्हीकडून बांधल्या, वरून हातानं थापटल्या. हे लोड अक्कांच्या लोडांपेक्षा तसूभरही कमी नव्हते. "थंडीचं तिकडं कशाला जायचं रोज? इथंच कर. काय कुठं ठेवायचं ते सांग फक्त." मी सांगत गेले, त्या ठेवत गेल्या. डोळ्यांवर बांधायला त्यांनी स्वतःच्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडली. मग मला तसं ठेवून शेजारीच पुन्हा परात ओढून बसल्या. दाणे पडायला लागले. टप्. टप्. पण आता तो आवाज माझ्या पाठीमागून येत नव्हता, उशाशी होता. त्या आवाजात मला झोप लागली.

"तुम्हीही पडा ना, आई," मी उठल्यावर म्हटलं.

"मला काय झालंय?"

हे त्या कितीदा म्हणाल्या असतील! दुपारी आडवं व्हायला बाईला काहीतरी झालेलं असावं लागतं, ताप तरी, कळा तरी. त्यांच्या घरात, आणि खरं तर माझ्या माहेरीही, हा न लिहिलेला कायदाच होता. दिवसाउजेडी जमिनीला पाठ लावलेली बाई म्हणजे आजारी किंवा आळशी. मधलं काही नव्हतं. मला मधलं काहीतरी मिळालं होतं आणि ते त्यांच्यासमोर उपभोगायची मला लाज वाटत होती.

संक्रांत तोंडावर आली होती. तीळ निवडून झाले होते. एका दुपारी आईंनी परात बाजूला सारली, हात पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला पण घाल की तसं."

मी चादरींचे लोड मांडले. त्यांचे गुडघे फार कडक होते, पायांचे तळवे जुळेनात. मग मी त्यांना पाठीवर साधं झोपवलं आणि दोन्ही गुडघ्यांखाली लोड सरकवला. मानेखाली घडी. अंगावर शाल. त्यांचे हात हवेतच होते, कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. मी ते धरून खाली ठेवले. तळवे खरखरीत, शेंगांनी हिरवट झालेले, सोगडु चिकटलेले. आधी त्या टक्क उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत होत्या. मी लुगड्याची पट्टी बांधली.

मग त्या बोलल्या, पट्टीआडूनच.

"मेधा, थोरल्याच्या पाठीवर माझं एक गेलं होतं. श्रीकांतच्या आधी."

मला हे ठाऊक नव्हतं. श्रीकांतलाही नव्हतं, हे पुढं कळलं.

"मुलगी होती. लग्नकार्य होतं घरात, आडावरनं पाणी आणत होते. कुणी नको म्हणालं नाही अन् मला पण नको म्हणता आलं नाही. ते झालं त्याच्या तिसऱ्या दिवशी मी पुन्हा चुलीपुढं होते. पडून राहा असं कुणी म्हणालंच नाही. मग मनात बसलं ते बसलंच. पाण्यानं गेली. माझ्यानं गेली."

मी त्यांच्या शेजारी बसले होते. म्हटलं, "नाही हो, आई. डॉक्टर म्हणाल्या ना, असं होतं कधीकधी. उचलण्या-ठेवण्यानं नाही होत. तुमच्या हातून काही झालेलं नाही."

"असं म्हणाल्या त्या?"

"हो. स्पष्ट म्हणाल्या."

मग त्यांचा हात शालीतून बाहेर आला आणि चाचपडत माझ्या गुडघ्यावर टेकला.

"मग तुझ्या पण नाही की."

त्यांना सगळं माहीत होतं. कपाटातले पडदे, चिकपेट, माझं ते रोजचं शोधत बसणं. रोज 'ये' म्हणताना त्या काय बघत होत्या, ते मला तेव्हा कळलं. मी रडून घेतलं. त्या उठल्या नाहीत, मला उगी म्हणाल्या नाहीत. हात तेवढा गुडघ्यावर होता. हळूहळू तो जड झाला आणि मग त्यांचा श्वास लांब, संथ ऐकू यायला लागला.

श्रीकांत कारखान्यातून आला तेव्हा उन्हं कलली होती. दारातच थबकला. चेहरा पार उतरला. कुजबुजत म्हणाला, "आईला काय झालं?"

"काही नाही. झोपल्यात."

"म्हणजे? बरं नाही का?"

"बऱ्या आहेत. नुसत्या झोपल्यात."

तो तसाच उभा राहिला, हातात डबा. पस्तिशीचा माणूस, आणि आपल्या आईला दिवसा झोपलेलं तो पहिल्यांदा बघत होता. मग त्यानं चपला हातात घेतल्या, भिंतीच्या कडेकडेनं स्वयंपाकघरात गेला आणि आवाज न करता चहा टाकला.

गोष्ट इथं संपवता आली असती तर मला बरं वाटलं असतं. पण विश्रांतीचा एक भाग असतो जो अक्कांच्या खोलीत दिसत नाही.

संक्रांतीनंतर आई सोलापूरला परत गेल्या. त्यांनी ते लोड सोडले नाहीत, तसेच गुंडाळलेले ट्रंकेत घालून नेले. मी शाळेत रुजू झाले. बाजारातली अवरेकाई संपत आली, ढीग खाली खाली गेले. आणि माघात एका रविवारी सुमनवहिनींचा फोन आला. सुमनवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आई त्यांच्याकडे राहायच्या.

"मेधा, तिकडं काय केलंत गं आईंना?" त्या चिडलेल्या नव्हत्या, दमलेल्या होत्या. "जेवणं झाली की आतल्या खोलीत जातात, कडी लावतात, गुडघ्याखाली काय काय घालून पडतात. म्हणतात, बेंगळुरूला शिकले. मी काही बोलत नाही. त्यांचं वयच आहे. पण दुपारचं निवडणं-टिपणं, भांडी, पोरांचं मधल्या वेळचं सगळं त्याच बघायच्या ना. आता ते माझ्याकडं आलंय."

मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही या ना इकडे थोडे दिवस."

"मी कुठं येऊ? मी आले तर इथं कोण?"

मी फोन ठेवला. तोवर मला वाटत होतं की त्या हिवाळ्यात आम्ही दोघी सुटलो. माझ्या वाटचं काम आईंनी केलं म्हणून मी पडू शकले. आईंच्या वाटचं आता वहिनी करत होत्या म्हणून आई पडू शकत होत्या. एकीच्या गुडघ्याखाली लोड सरकवला की दुसरीच्या डोक्यावर काहीतरी चढत होतं. आणि वहिनींच्या पुढं कुणीच नव्हतं. त्यांचं काम सरकायला जागाच नव्हती.

शाळेच्या परीक्षा संपल्यावर मी एकटीच सोलापूरला गेले. ऊन असं की तव्यावर पाय ठेवल्यासारखं. मी पोचल्या-पोचल्या आई म्हणाल्या, "आलीस? बरं केलंस. तिला बघ जरा." स्वतः त्या आता पुष्कळ सैलावल्या होत्या, चालीतही. मला ते बघून आनंद झाला आणि त्या आनंदालाही वहिनींच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांनी गाठलं.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. वहिनी ऐकेनात. "पाहुणी आहेस तू." आईंनीच त्यांना दंडाला धरून माडीवर नेलं, लोड मांडले, पट्टी बांधली. त्या खाली आल्या तरी वहिनी वरून बोलतच होत्या.

"मेधा, दूध चढवलंस का?"

"चढवलं."

"लक्ष ठेव, उतू जातंय लगेच."

"हो."

"पिठाचा डबा वरच्या फळीवर आहे. खालचा गव्हाचा."

"सापडला."

"पोरं आली की आधी हातपाय—"

"धुवायला सांगते, वहिनी."

थोडा वेळ गेला. "मीठ डाव्या बाजूला," असं काहीतरी पुटपुटल्यासारखं आलं. मग काहीच नाही. मी परात पुढ्यात घेऊन ऐकत राहिले. उंबऱ्यात बसलेल्या आईंनी माडीकडे बोट दाखवलं आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. वर पंखा तेवढा फिरत होता. मी गॅस बारीक केला आणि भाकरी थापायला लागले, हलक्या हातानं, आवाज वर जाऊ नये म्हणून.

माझं परतीचं तिकीट परवाचं होतं.